जुनी डिझेल व्हॅन सकाळी सुरू होत नाही आणि दुरुस्तीनंतरही तीच तक्रार परत येते: आधीच्या डागडुजीतून मूळ दोषापर्यंत

जुन्या डिझेल व्हॅनची सर्वांत चिवट तक्रार म्हणजे रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी सुरू व्हायला ती छळते. सेल्फ जोमाने फिरतो, इंजिन एखाद-दुसरा ठोका घेते आणि पुन्हा गप्प होते. फिल्टरवरचा हातपंप दाबून दाबून कडक झाला की मात्र ते सुरू होते आणि मग दिवसभर कितीही वेळा बंद-चालू केले तरी कुरकुर करत नाही. बॅटरी बदलून झालेली असते, सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे नोझल तपासून झालेले असतात, कधी डिझेल पंपही उतरवून दुरुस्त करून आणलेला असतो, आणि प्रत्येक वेळी थोडे दिवस बरे गेल्यावर तक्रार पुन्हा डोके वर काढते. आधीच्या मालकाने गाडी तात्पुरत्या डागडुजीवर रेटलेली असेल, तर अशा तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा एखाद्या खराब भागात नसून त्या डागडुजीतच असते, आणि तेही एकाच ठिकाणी नसते. म्हणून नवा भाग बसवण्याआधी जुनी दुरुस्ती उलगडून गाडी मूळ रचनेवर आणावी, असे माझे ठाम मत आहे.

पुढचे विवेचन यांत्रिक डिझेल पंप असलेल्या जुन्या इंजिनांपुरते आहे. कॉमन रेल इंजिनात, म्हणजे सर्व नोझलना एकाच उच्चदाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या नव्या इंजिनात, १,००० बारच्याही वर दाब असतो आणि तेथे उच्चदाबाच्या नळ्या सैल करून पाहणे जिवावर बेतू शकते. यांत्रिक पंपाच्या गाडीतही नोझलमधून किंवा फुटलेल्या नळीतून उडणारी डिझेलची बारीक धार कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसली तरी ती तातडीने रुग्णालयात जाण्याची बाब आहे. आणखी एक सवय आधीच मोडावी: हीटर प्लग (थंड इंजिन सुरू करताना आतली हवा तापवणारे विजेचे प्लग) असलेल्या इंजिनात हवेच्या तोंडाशी ईथरचा स्प्रे मारू नये, कारण तापलेल्या प्लगवर तो वेळेआधीच पेटतो आणि पिस्टन, रिंग किंवा हेड गॅस्केट यांपैकी काहीतरी कायमचे जाते. आधीचा मालक स्प्रेवरच गाडी सुरू करत असल्याच्या खुणा, म्हणजे रिकामे डबे किंवा एअर फिल्टरच्या पेटीला पाडलेले भोक, आढळल्या तर शेवटी सांगितलेली कॉम्प्रेशनची, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते याची, तपासणी टाळू नये.

कामाला हात घालण्यापूर्वी प्रत्येक जोडाचे, प्रत्येक क्लिपचे आणि प्रत्येक वायरीचे छायाचित्र काढून ठेवावे. हे वेळखाऊ वाटते, पण आधीच्या माणसाने नेमके काय केले याची दुसरी कोणतीही नोंद आपल्यापाशी नसते. फीड लाइन (टाकीतून डिझेल आणणारी नळी) आणि रिटर्न लाइन (उरलेले डिझेल टाकीत परत नेणारी नळी) यांची अदलाबदल झालेल्या व्हॅन प्रत्यक्षात आढळतात. टाकीवरच्या दोन्ही नळ्या सारख्या दिसतात, रिटर्नची नळी टाकीत वरच संपते, त्यामुळे टाकी भरलेली असताना गाडी व्यवस्थित चालते आणि पातळी खाली गेली की हवा ओढू लागते. पुस्तिकेतील आकृती शेजारी ठेवून नळी टाकीपासून पंपापर्यंत बोटाने माग काढत पाहिली, तर अशा गोष्टी काही मिनिटांत उघड होतात.

पहिला निर्णय धुरावर करावा. सकाळी थंड इंजिनावर सेल्फ मारताना कुणाला तरी सायलेन्सरच्या तोंडाशी लक्ष ठेवायला सांगावे. धूर अजिबात येत नसेल, तर डिझेल नोझलपर्यंत पोहोचतच नाही. पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर भरपूर येत असेल, तर डिझेल पोहोचते आहे पण पेटत नाही, आणि मग हीटर प्लग, सेल्फचा वेग, पंपाचे टायमिंग (डिझेल फवारण्याची वेळ) व कॉम्प्रेशन यांकडे वळावे. आधी काहीच नाही, मग धुराचे तुटक झोत, आणि मग अडखळत सुरू होणे, हा क्रम मात्र डिझेलच्या नळीत शिरलेल्या हवेचा आहे. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांहून अधिक मारू नये आणि मध्ये किमान मिनिटभर विश्रांती द्यावी. सेल्फ जळाला की शोधायच्या दोषांत आणखी एकाची भर पडते.

हवेचा दोष इतका का छळतो, हे समजण्यासाठी डिझेल टाकीतून वर कसे येते ते लक्षात घ्यावे लागते. बहुतेक जुन्या व्हॅनमध्ये ते ढकलले जात नाही, ओढले जाते. ओढणारा पंप इंजिनावर असतो आणि टाकी खाली, चासीच्या मधोमध किंवा मागे असते. इंजिन चालू असताना त्या नळीतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो, त्यामुळे एखादा जोड सैल असला तरी त्यातून डिझेल बाहेर येत नाही, उलट हवा आत जाते. जमीन कोरडी, इंजिन कोरडे, म्हणून गळती नाही असा निष्कर्ष काढला जातो आणि तो चुकतो. चालत्या इंजिनात ही थोडी हवा रिटर्नमधून निघून जाते व कुणाच्या लक्षात येत नाही. इंजिन बंद झाल्यावर मात्र तीच फट नळीत हवा सोडते, वरचा डिझेलचा स्तंभ हळूहळू टाकीकडे उतरतो आणि सकाळपर्यंत फिल्टर व पंप अर्धे रिकामे होतात.

हे ताडून पाहण्याची सर्वांत सोपी युक्ती म्हणजे गाडी उभी करण्याची दिशा बदलणे. एका रात्री व्हॅन चढावर, तोंड वर करून उभी करावी. इंजिन टाकीच्या मानाने आणखी उंच गेल्यामुळे, दोष हवेचा असल्यास सकाळची अडचण वाढते. दुसऱ्या रात्री तोंड उताराकडे करून आणि टाकी शक्य तितकी भरून उभी करावी. गाडी चटकन सुरू झाली तर निदान जवळजवळ पक्के झाले. शिवाय या स्थितीत डिझेल फटीकडे ढकलले जात असल्याने जो जोड एरवी कोरडा दिसतो तोच ओला होतो. रात्री सर्व जोड कापडाने कोरडे पुसून त्यांवर पांढरा कागद गुंडाळून ठेवला, तर सकाळी ओलसर, तेलकट डाग नेमकी जागा दाखवतो. उतारावर चाकांना ठोकळे लावायला विसरू नये.

पुढची पायरी पारदर्शक नळीची. डिझेलला टिकणाऱ्या पारदर्शक नळीचा हातभर तुकडा आधी फिल्टर आणि डिझेल पंप यांच्यामध्ये, आणि दुसरा रिटर्नवर बसवावा. इंजिन चालू करून नळी उजेडात धरली की निरोगी गाडीत डिझेल इतके स्थिर दिसते की ते वाहते आहे की नाही असा प्रश्न पडावा. दोष असेल तर मोहरीएवढे बुडबुडे सलग सरकताना दिसतात. इंजिनाचा वेग वाढवला की त्यांची साखळी दाट होते, आणि संशयित जोड ओल्या फडक्याने किंवा बोटांनी घट्ट दाबला की ती काही क्षणांनी विरळ होते. फिल्टरनंतर बुडबुडे आहेत पण तोच तुकडा फिल्टरआधी लावल्यावर नाहीत, असे दिसले तर हवा फिल्टरपाशीच शिरते आहे. सुरुवातीचे तुरळक बुडबुडे, म्हणजे नळी बसवताना अडकलेली हवा, मोजू नयेत. त्यांना निघून जायला वेळ द्यावा. ही नळी तपासणीपुरतीच असते, कारण उष्णतेने ती कडक होऊन तडकते, आणि आधीच्या मालकाने अशीच नळी कायमची ठेवून दिली असेल तर तीच पहिली संशयित.

पारदर्शक नळीने उत्तर मिळाले नाही तर टाकी बाजूला काढून तपासावे. स्वच्छ कॅनमध्ये डिझेल भरून तो जमिनीवर, म्हणजे टाकीच्याच पातळीला ठेवावा आणि नव्या होजने थेट फिल्टरच्या तोंडाशी जोडावा. रिटर्नही त्याच कॅनमध्ये सोडावा. कॅन इंजिनाच्या वर टांगण्याचा मोह टाळावा, कारण वरून डिझेल आपोआप उतरते आणि हवेचा दोष झाकला जातो. या जोडणीवर गाडी रात्रभर ठेवून सकाळी सहज सुरू झाली, तर दोष टाकी ते फिल्टर या भागात किंवा टाकीकडे जाणाऱ्या मागच्या रिटर्न नळीत आहे. तरीही सुरू झाली नाही, तर दुसऱ्या रात्री फिल्टरही वगळून होज सरळ पंपाला जोडावा, अर्थात डिझेल गाळून घेतलेले असेल तरच आणि केवळ या चाचणीपुरते. यानंतरही तक्रार राहिली, तर नोझलवरच्या रिटर्न नळ्या, पंपाच्या शाफ्टचे सील किंवा डिझेलशी संबंध नसलेले कारण, एवढेच उरते.

आता प्रत्यक्षात काय सापडते ते सांगतो, कारण येथेच आधीच्या हाताची ओळख पटते. गंजलेली लोखंडी नळी मध्येच करवतीने कापून तिथे रबरी होजचा तुकडा टाकलेला असतो. कारखान्यातून आलेल्या नळीच्या टोकाला बाहेर आलेले एक कडे असते आणि त्यावरच होज पकड घेतो. कापलेल्या टोकाला ते नसते, उलट करवतीची धार असते. ती धार होजच्या आतल्या थराची साल काढते आणि क्लिप कितीही आवळली तरी त्या चरीतून हवा जातच राहते. क्लिपही बहुधा मोठ्या मापाची, दातेरी पट्टीची असते. लहान व्यासाच्या होजवर ती पूर्ण गोल बसत नाही, एका बाजूला चिमूट राहते आणि दुसऱ्या बाजूला पट्टीचे दाते रबरात रुततात. असा होज काढल्यावर फेकून देण्यापूर्वी ब्लेडने उभा चिरून पाहावा. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या रबराच्या आतल्या बाजूला, नेमक्या क्लिपखाली, केसाएवढ्या आडव्या भेगा आणि सुजलेला, बोटाला काळा डाग देणारा थर दिसला, की इतके दिवस क्लिपा आवळून काही साधत का नव्हते हे कळते. साधे नैसर्गिक रबर डिझेलमध्ये फुगते. इंधनासाठीचा नायट्राइल होज साध्या डिझेलला पुरतो, आणि बायोडिझेलचे प्रमाण अधिक असेल तर फ्लोरोरबराचा घ्यावा.

या ठिकाणी नवा होज लावून समाधान मानू नये. गंजलेली नळी टाकीपासून फिल्टरपर्यंत संपूर्ण बदलावी आणि टोकांना कडे काढून घ्यावे. तांब्याची नळी वाकवायला सोपी म्हणून वापरली जाते, पण कंपनाने तांबे कडक होऊन तडकते आणि डिझेल खराब होण्याची क्रियाही त्याच्या संपर्कात वेगाने होते. जस्ताचा मुलामा दिलेल्या नळीबाबतही हाच दुसरा आक्षेप आहे. गंजरोधक थराची पोलादी किंवा तांबे-निकेल मिश्रधातूची नळी योग्य ठरते.

फिल्टरपाशी दोन गोष्टी हमखास आढळतात. एक म्हणजे जुन्या फिल्टरची रबरी रिंग बैठकीला चिकटून राहते आणि तिच्यावरच नवी रिंग चढवली जाते. दोन रिंगा एकमेकींवर कधीच नीट बसत नाहीत. दुसरी म्हणजे हवा काढण्याच्या स्क्रूचे आटे गेलेले असतात आणि त्यावर टेफ्लॉन टेप किंवा सिलिकॉन सीलंट थापलेले असते. या दोन पदार्थांना डिझेलच्या मार्गात जागा नाही. टेपचे धागे सुटून पंपात जातात, आणि सिलिकॉन डिझेलमध्ये फुगून जिलेटिनसारखे तुकडे होऊन वाहू लागते. बँजो बोल्टचे, म्हणजे ज्याच्या पोकळीतून डिझेल वाहते त्या बोल्टचे, सीलिंग आट्यांवर नसते, ते दोन्ही बाजूंच्या वॉशरवर असते, हे न कळल्यामुळेच आट्यांना टेप गुंडाळली जाते. तांब्याचे वॉशर एकदा दाबले गेले की कडक होतात, म्हणून दर वेळी नवे घालावेत; नवे तातडीने मिळत नसतील तर जुने लालसर होईपर्यंत तापवून गार केल्यास तांबे पुन्हा मऊ होते, फक्त त्यावर ओरखडे नसावेत. हातपंपाच्या रबरी पडद्यालाही चीर असू शकते. हातपंप दाबल्यावर पूर्ण कडक न होणे ही तिची खूण.

नोझलवरच्या बारीक, कापडी वेष्टणाच्या रिटर्न नळ्यांकडे दुर्लक्ष होते, कारण त्या केवळ उरलेले डिझेल परत नेतात असे मानले जाते. इंजिन बंद असताना त्यांतूनही हवा शिरून स्तंभ खाली उतरू शकतो. शेवटच्या नोझलवरची टोपी नसेल किंवा तिथे स्क्रू खोचून वेळ मारून नेलेली असेल, तर सर्वच नळ्या एकदम बदलाव्यात.

दोष झाकणाऱ्या दोन जोडण्यांविषयी स्वतंत्रपणे लिहावे लागेल. टाकीजवळ बाहेरून बसवलेला विजेचा इंधन पंप आणि नळीत मध्येच टाकलेला एकमार्गी व्हॉल्व्ह, या दोन्हींनी सकाळची तक्रार काही काळ थांबते, म्हणून त्या लोकप्रिय आहेत. विजेचा पंप ओढीच्या नळीत दाब निर्माण करतो. मग आत येणारी हवा थांबते, पण त्याच फटीतून डिझेल बाहेर झिरपू लागते आणि ते गरम भागांजवळ असेल तर आगीचा धोका उभा राहतो. हा पंप फ्यूजविना थेट स्विचवर जोडलेला असणे ही तर सर्रास दिसणारी गोष्ट आहे. एकमार्गी व्हॉल्व्ह प्रवाहाला अडथळा करतो आणि त्याचा पडदा कचऱ्याने अर्धवट उघडा राहिला की तक्रार अनियमित होते, जी शोधायला आणखी कठीण. मूळ रचनेत नसतील तर दोन्ही काढून टाकावेत आणि फट सापडेपर्यंत पुन्हा बसवू नयेत.

गाडी सकाळी सुरू होते पण बरेच अंतर गेल्यावर दम सोडते आणि थोडा वेळ उभी राहिल्यावर पुन्हा चालते, अशी तक्रार असेल तर ती वेगळी आहे, जरी दोन्ही एकाच व्हॅनमध्ये असू शकतात. बंद पडताच टाकीचे झाकण उघडावे. फुस्स आवाज करत हवा आत गेली तर झाकणाचा श्वासमार्ग बंद आहे. तसे नसेल आणि आधीच्या मालकाने गळकी टाकी आतून रसायनाचा थर देऊन बुजवली असेल, तर त्या थराच्या पापुद्र्यांचा संशय घ्यावा. ते ओढीने जाळीवर चिकटतात, इंजिन बंद झाल्यावर खाली पडतात, आणि फिल्टर कितीही वेळा बदलला तरी स्वच्छच सापडतो. अशी टाकी धुऊन काम भागत नाही; थर पूर्ण काढता आला नाही तर टाकी बदलावी.

डिझेलचा मार्ग निर्दोष झाल्यावरच विजेकडे वळावे. पंपावरचा स्टॉप सोलेनॉइड (डिझेल चालू-बंद करणारा विजेचा व्हॉल्व्ह) किल्ली फिरवताच टक् असा आवाज करतो की नाही ते पाहावे. त्याची वायर पिळून टेप गुंडाळलेली असेल तर खड्ड्यात गाडी बंद पडण्याचे कारण तेच असू शकते. टेप सोडवल्यावर आत हिरवट पडलेल्या तारांपैकी एक-दोनच शाबूत दिसतात. मल्टिमीटरने अशा जोडाचा रोध मोजला तर तो उत्तम दाखवतो, कारण मीटरचा प्रवाह नगण्य असतो; म्हणून मोजणी नेहमी भार चालू असताना, व्होल्टेज किती पडते या पद्धतीने करावी. सेल्फ मारताना बॅटरीच्या ऋण खांबापासून थेट इंजिनाच्या ब्लॉकपर्यंत ०.५ व्होल्टहून अधिक फरक दिसला, तर अर्थिंगची पट्टी गंजलेली आहे किंवा रंगावरच आवळलेली आहे. पूर्ण भरलेली बॅटरी स्थिर असताना साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, आणि सेल्फ फिरताना ती ९.६ च्या खाली जाऊ नये.

हीटर प्लग एकेक सोडवून मोजावेत. थंड असताना रोध साधारण एक ओहमच्या आसपास असतो आणि जळालेला प्लग अनंत दाखवतो. प्लगना वीज जोडणारा रिले निकामी झाल्यावर डॅशबोर्डवर लावलेले साधे बटण आणि त्यातून नेलेली बारीक वायर हा नेहमीचा प्रकार आहे. चार प्लग मिळून दहा अँपिअरच्या कितीतरी पट प्रवाह ओढतात, ती वायर तापते आणि प्लगना पुरेसे व्होल्टेज मिळत नाही. प्लगवर छापलेले व्होल्टेज पुस्तिकेशी ताडून पाहावे, कारण काही इंजिनांचे मूळ प्लग १२ व्होल्टचे नसतात. नवे जोड क्रिंप करून, म्हणजे धातूच्या टोपीत दाबून बसवून, त्यांवर आतून गोंद असलेली उष्णतेने आकसणारी नळी चढवावी. कंपनाच्या जागी नुसत्या डागलेल्या (सोल्डर केलेल्या) तारा डागाच्या कडेशी तुटतात.

पंपाच्या स्क्रूंना हात लावण्याची वेळ सर्वांत शेवटी येते. हवेमुळे शक्ती कमी झाल्यावर पूर्ण भाराचा (जास्तीत जास्त डिझेल ठरवणारा) स्क्रू आत फिरवला जातो, आयडल, म्हणजे गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग, वाढवले जाते, कधी पंपच फिरवून टायमिंग पुढे ओढले जाते. हवा बंद होताच या तडजोडी उघड्या पडतात: काळा धूर, उंच आयडल, थंड असताना कर्कश ठकठक. स्क्रूवरचे सील तुटलेले दिसले तर कानाने ऐकून बसवण्याऐवजी टायमिंग डायल गेजने पुस्तिकेतल्या मापावर आणावे आणि डिझेलचे प्रमाण पंपाच्या चाचणीयंत्रावर ठरवून घ्यावे. जादा डिझेलने एक्झॉस्टचे तापमान वाढते आणि पिस्टनचा माथा वितळण्यापर्यंत प्रकरण जाऊ शकते.

एवढे झाल्यावरही सकाळी पांढरा धूर आणि रेंगाळणे राहिले, तर कॉम्प्रेशन मोजावे. त्यासाठी डिझेलचाच गेज लागतो. पेट्रोल इंजिनाचा गेज या दाबाला पुरत नाही. पूर्वकक्षाच्या (डिझेल आधी एका लहान कप्प्यात पेटवणाऱ्या) जुन्या इंजिनांत कॉम्प्रेशनचे गुणोत्तर २० ते २३ असते आणि निरोगी सिलिंडर २५ ते ३० बार किंवा त्याहून थोडे अधिक दाखवतो. सर्व आकडे सारखेच थोडे कमी असतील तर इंजिन झिजले आहे, आणि एकच सिलिंडर मागे असेल तर व्हॉल्व्ह, रिंग किंवा गॅस्केट यांपैकी एक गेले आहे. पेट्रोल इंजिनाप्रमाणे सिलिंडरमध्ये तेल ओतून पुन्हा मोजण्याची पद्धत येथे वापरू नये, कारण डिझेल इंजिनात पिस्टनच्या वर उरणारी जागा अत्यल्प असते आणि जास्त पडलेले तेल कनेक्टिंग रॉड वाकवू शकते. त्याऐवजी हवेचा दाब सोडून गळती मोजावी: रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट, सायलेन्सरमधून फुसकारा ऐकू आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एअर फिल्टरच्या बाजूने आला तर इनलेट व्हॉल्व्ह, आणि ऑइल भरण्याच्या तोंडातून आला तर रिंग.